मुंग्या गेल्या पण किल्ली फिरत नाही: सायकलवाल्यांच्या हातातली दबलेली नस

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही बेळगाव-कोल्हापूर-बेळगाव केलंत, हायब्रिड सायकल, सरळ हँडल. परत येताना संकेश्वरच्या पुढं उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं, घरी आल्यावर आठ दिवस मुंग्या होत्या, आता त्या जवळजवळ गेल्यात. फक्त शाळेच्या कपाटाची किल्ली फिरवताना अंगठा घसरतो, नेलकटर दाबत नाही, आणि पँटच्या खिशात हात घालताना करंगळी बाहेरच अडकते. आणि विचारताय काय, तर पुढच्या महिन्यात ३०० किलोमीटरची बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, जेलचे ग्लोव्ह्ज घेतले तर चालेल का आणि कुठले घेऊ.

चालणार नाही. ही ३०० सोडा. ग्लोव्ह्जचं नंतर बोलू.

मी बेळगावात टिळकवाडीला बावीस वर्षं फिजिओथेरपी करतोय, त्यात हात आणि खांद्याचेच पेशंट जास्त, आणि स्वतः सायकल चालवतो, त्यामुळं हे दुखणं मला दोन्ही बाजूंनी माहिती आहे. तुमच्या मेसेजमध्ये मला ज्याची भीती वाटली ती मुंग्यांची नव्हे, त्या खिशात अडकणाऱ्या करंगळीची. आपल्याकडं मराठी पेशंट "मुंग्या आल्यात" म्हणतात, कन्नड पेशंट "कै जोम हिडदैती" म्हणतात, आणि दोघंही ती मुंगी किंवा तो जोम गेला की बरं झालं असं धरून चालतात. पण मुंग्या म्हणजे कातडीची तक्रार. ताकद गेलेली असेल तर ती बिचारी काहीच बोलत नाही, दुखत नाही, जळजळत नाही, रात्री उठवत नाही. म्हणून ती राहून जाते आणि माणूस परत सायकलवर बसतो.

आत काय झालंय ते सांगतो. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ना, तीच ही नस, अल्नर नर्व्ह. मानेतून निघते, कोपराच्या आतल्या हाडाच्या मागून जाते आणि मनगटाशी करंगळीच्या बाजूनं तळहातात शिरते. तिथं दोन छोट्या हाडांच्या मध्ये एक बोळ आहे, गियॉन्स कॅनाल म्हणतात. गियॉन हा खरं तर मूत्ररोगाचा फ्रेंच सर्जन, त्यानं १८६१ साली या जागेचं वर्णन केलं आणि नाव त्याचं राहिलं. करंगळीच्या खालच्या मांसल गादीवर, मनगटाच्या सुरकुतीपाशी बोट दाबा, वाटाण्यासारखं एक हाड लागेल. तिथून अंगठ्याच्या दिशेनं, थोडं पुढं, खोलवर दाबलं की दुसरं एक टोक लागतं आणि जरा दुखतं, तो हॅमेट हाडाचा हूक. नस या दोघांच्या मधून जाते, आणि सरळ हँडलवर आपण अंगाचा भार टाकतो तो बरोबर याच जागेवर.

बोळाच्या आत नस दोन फांद्यांत फुटते. एक वरवरची, करंगळी आणि शेजारच्या अर्ध्या बोटाच्या कातडीला जाते. दुसरी खोल, त्या हुकाला वळसा घालून तळहातात आत जाते आणि पंजातल्या बहुतेक बारीक स्नायूंना चालवते, बोटं पसरणं, जवळ घेणं, अंगठा तर्जनीच्या बाजूवर दाबणं, हे सगळं तिच्या जीवावर. तुमची वरची फांदी सुटली दिसते, खोल फांदी अजून सुटलेली नाही. किल्ली, नेलकटर, करंगळी, तिन्ही तक्रारी तिच्याच आहेत. करंगळीला आत ओढणारा बारीक स्नायू लुळा पडतो, बाहेर ओढणारा स्नायू दुसऱ्या नसेवर असतो म्हणून चालू राहतो, मग करंगळी आपोआप बाहेर राहते आणि खिशाच्या कडेला अटकते.

घरी बसून एक टेस्ट करा. तुमच्याकडं तरुण भारत येत असेल, त्याची घडी घाला, दोन्ही हातांचे अंगठे वर ठेवून, अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये पेपर धरा आणि दोन बाजूंना ओढा. डाव्या हाताचा अंगठा सरळ राहील. उजव्याच्या अंगठ्याचं शेवटचं पेर वाकलं, म्हणजे अंगठा टोकानं पेपर पकडून ठेवायला बघतोय, तर दाबणारा स्नायू कमजोर आहे आणि त्याचं काम दुसऱ्या नसेवरचा लांब स्नायू करतोय. फ्रोमां नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, ही खूण सांगितली, आणि तीही वर्तमानपत्रावरच, फ्रेंचमध्ये तिला पेपरची खूणच म्हणतात. मला ही टेस्ट फार आवडते कारण काही लागत नाही आणि खोटं बोलत नाही.

मग दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवा, खिडकीचा उजेड बाजूनं येऊ दे, आणि अंगठा-तर्जनीच्या मधला मांसाचा उंचवटा दोन्हीकडं सारखा आहे का बघा. उजव्या हाताला तिथं खळगा दिसत असेल तर स्नायू वाळायला लागलाय, मग वाट बघू नका, त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्ट किंवा हँड सर्जन गाठा.

आणखी एक बघा, कारण दाब मनगटात आहे की वर कोपरात, हे याच्यावरून कळतं. हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीकडच्या अर्ध्या भागाची कातडी बधिर होती का? त्या भागाला जाणारी फांदी मनगटाच्या चांगली चार-पाच बोटं वरच फुटून गेलेली असते, ती बोळातून जातच नाही. म्हणजे मागची बाजू नीट असेल तर भानगड मनगटात, मागची बाजूही बधिर असेल तर कोपरात शोधायचं. कोपरवाल्यांना बहुतेक फोनवर तासन्‌तास बोलणं, कोपर टेबलावर टेकणं, रात्री हात पूर्ण दुमडून झोपणं यानं जास्त होतं, सायकलवर पुढं लांब आलेल्या एअरो बारवर कोपर टेकवून बसणाऱ्यांनाही होतं. आणि मान वळवली की झिणझिणी हातात उतरत असेल तर ते मानेचं, तो वेगळा विषय.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती दुसरी नस, मीडियन, आणि ते कार्पल टनेल. मनगटाच्या मधोमध एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि ही एक नस जाते, मनगट मागं मोडून धरलं की तिथला दाब वाढतो. हे पेशंट रात्री दोन-तीनला उठून हात झटकतात, हे ऐकलं की मी बाकीचं विचारायच्या आधीच ओळखतो. उद्यमबागच्या फाउंड्रीत फेटलिंगला असणारी पोरं माझ्याकडं येतात, आठ तास ग्राइंडर धरून कास्टिंग घासायचं आणि रविवारी सायकल घेऊन जांबोटी, कणकुंबी. सायकलनं झालं असं त्यांना वाटतं, पण सहा दिवसांचं व्हायब्रेशन आधीच बसलेलं असतं, रविवार फक्त कडेलोट करतो. अशांना मी पहिल्यांदा ग्राइंडरबद्दल विचारतो, हँडलबद्दल नंतर.

सायकल चालवता म्हणून सगळं सायकलवर ढकलू नका, हे मी मनापासून सांगतोय. शुगर, थायरॉइड आणि बी१२ तपासून घ्या, शुगर असेल तर नस थोड्या दाबानंही जाते. आणि अल्नर नस ही कुष्ठरोगात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या नसांपैकी आहे. कोपराच्या मागं नस दोरीसारखी जाड लागते का, अंगावर कुठं फिकट डाग आहे का जिथं टोचलेलं कळत नाही, घाम येत नाही, हे एकदा बघून घ्यायचं, लाज वाटायचं काही कारण नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि लवकर घेतलं तर हात वाचतो. माझ्याकडं एक जण "सायकलनं बोट बधिर झालं" म्हणून दोन महिने ग्लोव्ह्ज बदलत बसलेला आला होता आणि निघालं हेच.

आता सायकल. माझं ठाम मत आहे की हाताचं हे दुखणं दहापैकी आठ वेळा सीटपासून सुरू होतं. जुन्या अॅटलासवर येळ्ळूर, उचगावाकडून दोन्ही बाजूंना कॅन लावून दूध घेऊन येणारे आठवा, पाठ ताठ, हँडल छातीकडं वळलेलं, बूड सीटवर गच्च, हात नुसता दिशा द्यायला. त्यांच्या हाताला भारच नव्हता. आपण पुढं वाकलो, चांगलं आहे, वारा कमी लागतो, पण मग पुढचा भार पाठीनं आणि पोटानं धरायला पाहिजे, तो तळहातावर पडतो तिथं चुकतं.

मी स्वतः ही चूक केलीय. २०१४ ला नवी सायकल घेतली, पुढं टोचतं म्हणून तक्रार केली तर दुकानात सीटचं नाक खाली करून दिलं, आणि मला लगेच बरं वाटलं. त्याच सीटवर आंबोली करून आलो. घसरगुंडीवर बसल्यासारखं दिवसभर पुढं घसरत होतो आणि दर पॅडलला हातानं स्वतःला मागं ढकलत होतो, हे तेव्हा कळलंच नाही. डाव्या हाताची दोन बोटं सहा आठवडे बधिर होती, पेशंटच्या पाठीवर हात ठेवला तर अर्धा हात दुसऱ्याचा असल्यासारखा वाटायचा. तेव्हापासून कुणी हात दाखवायला आलं की मी त्याला सायकल घेऊन यायला सांगतो.

तुम्ही असं करा, सायकल सपाट फरशीवर उभी करा, सीटवर एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा आणि मोबाइलमधलं लेव्हल लावा. सरळ पाहिजे, नाक एखाद-दोन डिग्री खाली चालेल, त्याच्यापेक्षा जास्त असेल तर तुमचं उत्तर तिथंच आहे. मग सीट पुढं-मागं. लोक हँडल लांब वाटलं की सीट पुढं ओढतात, हे उलटं होतं, सीट पुढं आली की बूड पायांच्या वर येतं आणि अंग पुढं पडतं, हातावर भार वाढतो. हँडल लांब असेल तर स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा दांडा, छोटा करा, स्टेमखाली स्पेसरच्या चकत्या घालून हँडल वर घ्या, सीट जागेवर राहू दे. बरोबर झालं का हे बघायला ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवर धरून ठेवणाऱ्या स्टँडवर, किंवा कुणीतरी सायकल धरून, पॅडल मारत दोन्ही हात हँडलपासून जरासे उचला. पुढं पडायला झालं तर भार हातावर आहे. पीबी रोडवर करून बघू नका हे.

सरळ हँडलवाल्यांचं खास दुखणं म्हणजे ब्रेकची लिव्हर. कारखान्यातून, दुकानातून येते तेव्हा बहुतेक वेळा जमिनीला समांतर असते, आणि ब्रेकवर बोटं ठेवली की मनगट मागं मोडतं. अॅलन कीनं क्लॅम्प ढिला करा, बसल्यावर खांद्यापासून बोटांपर्यंत एक सरळ उतार दिसेल इतकी लिव्हर खाली फिरवा, परत आवळा. पाच मिनिटांचं काम. वंटमुरी घाट उतरताना हात किती वेळ त्या लिव्हरवर असतो आठवा, म्हणजे याचं महत्त्व कळेल. गोल ग्रिप काढून पंखवाली ग्रिप लावा, तळहाताला रुंद जागा मिळते, आणि टोकाला छोटे बार-एंड लावून घ्या, सरळ हँडलला हात ठेवायची एकच जागा असते हाच त्याचा मोठा दोष. खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवाल्यांनी मात्र असं समजू नये की आपण सुटलो. २००३ मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात चार दिवसांत ६०० किलोमीटर चालवणाऱ्या २५ जणांचे हात आधी आणि नंतर तपासले होते, २३ जणांना काही ना काही झालं होतं, नवशिके काय आणि मुरलेले काय.

टायरची हवा. आपल्याकडं अजून पंपवाल्याला "फुल्ल मार" म्हणायची सवय आहे. २५ मिलिमीटर रुंदीचा टायर १०० पीएसआयला फुगवून रणकुंड्ये, कुसमळीच्या पुढच्या रस्त्यावर गेलं तर प्रत्येक खडी तळहातात येते. माझं वजन ६८ किलो, ३२ चा टायर, मागं ६० आणि पुढं ५५ ठेवतो, आणि माझं अजिबात काही अडत नाही. कोपरं जरा वाकलेली ठेवा. दमल्यावर कोपर लॉक होतं, मग खड्ड्याचा दणका सरळ खांद्यापर्यंत. दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, मी हायवेवर किलोमीटरचा दगड दिसला की बदलतो, दुसरं काही लक्षात ठेवायला नको.

ग्लोव्ह्ज घ्या, जरूर घ्या, पॅडिंगनं त्या गादीवरचा दाब कमी होतो हे मोजून बघितलेलं आहे. पण जाड ते चांगलं असं नव्हे. जाड जेल घडी पडून गोळा होतं आणि नेमकं बोळाच्या तोंडावर बसतं. पातळ, सपाट पॅड, शक्यतो मध्ये खाच सोडलेलं, म्हणजे भार दोन्ही बाजूंच्या मांसावर जाईल, आणि मनगटाचा पट्टा करकचून आवळायचा नाही. पण सीट पुढं कललेली असताना ग्लोव्ह्ज घेणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली बदलत बसणं.

तुमचं आत्ताचं काय. आजपासून त्या गादीवर भार बंद, सायकल पूर्ण बंद, दंड-बैठकातले दंडही बंद, शाळेत बाकावर तळहात टेकून उभं राहता तेही बंद. कुणाकडून "नस बसवून" घेऊ नका, तिथं तेल लावून अंगठ्यानं रगडणं म्हणजे दबलेल्या नसेला परत दाबणं. स्पंजचा बॉल दाबत बसू नका, त्यात लांब स्नायूंनाच व्यायाम होतो आणि तळहातावर दाब पडतो. करायचं ते हलकं, बोटं पसरायची, जवळ घ्यायची, बोटांच्या मध्ये कागद धरायचा, दिवसातून चार-पाच वेळा, दमेपर्यंत नको. लाल इंजेक्शनं बी१२ कमी निघालं तर घ्या, नुसतं नस दबली म्हणून नको.

तीन आठवडे झालेत, म्हणजे एनसीव्ही (नसेतून करंट कसा जातो ते बघणारी) आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून बघणारी) या टेस्ट करायला ही योग्य वेळ आहे, याच्या आधी सुईची टेस्ट खरं चित्र दाखवत नाही. जाताना एक गोष्ट चिठ्ठीवर लिहून न्या. नेहमीच्या तपासणीत करंगळीच्या गादीच्या स्नायूवरून रीडिंग घेतात, त्याच्याकडं जाणारी फांदी आधीच फुटून गेलेली असते, त्यामुळं पुढं खोल फांदी दबलेली असली तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अंगठा-तर्जनीच्या मधल्या स्नायूवरूनही रीडिंग घ्या, फर्स्ट डॉर्सल इंटरऑसियस, असं स्पष्ट सांगा. माझ्याकडं असाच एक तरुण आला होता, मुंग्या कधी आल्याच नव्हत्या, नॉर्मल रिपोर्ट हातात, आणि चार महिन्यांत तो उंचवटा सपाट होऊन हाडं दिसायला लागली होती. परत टेस्ट केली तेव्हा सापडलं. वर्षभरात बराच सुधारला, पण नेलकटर अजून डाव्या हातानं धरतो. सोनोग्राफी किंवा एमआरआय डॉक्टर सांगतील तर करा, त्या बोळात गँगलियनची गाठ असू शकते. पडला असाल तर तेही सांगा, हुकाचं फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत चुकतं, सीटी लागतो. आणि बोट पांढरं, गार पडत असेल तर ते नसेचं नव्हे, शेजारच्या रक्तवाहिनीचं, त्याला थांबू नका.

नसेचं नुसतं वरचं आवरण दबलं असेल तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ताकद येते. आतला तंतू तुटला असेल तर नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, मनगटापासून त्या स्नायूपर्यंत आठ-दहा सेंटिमीटर धरा, म्हणजे शंभर दिवस तर नुसते पोचायला. तीन महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर सर्जनशी बोळ मोकळा करण्याबद्दल बोलायचं. पेपरची टेस्ट दोन्ही हातांत सारखी आली की मग सायकल, पहिल्यांदा ट्रेनरवर, नंतर वीस मिनिटं कॅम्पात सपाट रस्त्यावर, आणि बोट जरा जरी बधिर झालं तरी त्या दिवशी तिथंच उतरायचं.

दर रविवारी सकाळी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात एक फोटो काढत चला, तारीख घालून. रोज बघणाऱ्याला खळगा दिसत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की दिसतो. पहिला फोटो आणि एनसीव्हीचा रिपोर्ट मला पाठवा, आणि सीटवर पुस्तक ठेवून किती डिग्री आलं तेही.